फरक सर

तालुक्याच्या गावाला एक तहसील असतं, एक पोलीस ठाणं असतं, एक सरकारी दवाखाना असतो आणि एक इंग्रजीचे सर असतात. पहिल्या तिघांकडे माणूस गरज पडली म्हणून जातो. चौथे आपण होऊन आपल्याकडे येतात.

केजात त्यांना फरक सर म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच असू द्यावं. बीडहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास आहे. जिना इतका अरुंद की नववीची बॅच खाली उतरल्याशिवाय दहावीची वर चढू शकत नाही. सरांचा तास लांबला की दहावी खाली युरियाच्या पोत्यांवर बसून राहते, आणि सरांचा तास लांबतोच. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'स्पोकन इंग्लिश व ग्रामर', आणि त्याखाली 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील'च्या चालीवर : 'क्रियापदांतील फरक समजावून मिळेल.'

मिळेल कसला, न मागता मिळतो.

वय पन्नाशीच्या जरा अलीकडे नाहीतर जरा पलीकडे. पांढरा शर्ट, खिशात एक निळा पेन, एक लाल पेन आणि खडूचा तुकडा. खडू अशासाठी की फरक कुठंही निघू शकतो आणि फळा कुठंही मिळू शकतो. त्यांनी किराणा दुकानाच्या शटरवर फरक काढून दाखवलाय, रिक्षाच्या मागच्या पडद्यावर दाखवलाय, आणि एका लग्नात पाण्याच्या पिंपावर. तिथं नवरदेवाच्या मामानं हौसेनं 'ही मॅरीड विथ अवर नीस' असं काहीतरी म्हटलं होतं. भाचा कुठला आणि नीस कुठली, हे सरांनी सोडून दिलं. पण 'मॅरी'ला 'विथ' लागत नाही हे पंगत उठेपर्यंत लावून धरलं. 'मॅरी'च्या पोटातच 'विथ' आहे असं त्यांचं म्हणणं. बाहेरून आणखी एक जोडला तर संसारात तिसरा माणूस आला. मामा सरळ मांडवाबाहेर गेला.

चहाच्या टपरीवरचा त्यांचा प्रवेश ठरलेला.

"काय बघायलाव, सर?" टपरीवाला विचारतो. विचारायची गरज नसते, पण गिऱ्हाईक आहे.

"बघायलो न्हाई, दिसायलंय." सर फळकुटावर कोपर टेकतात. "डोळे उघडे हायेत, समोर म्हैस हाय, म्हणून ती दिसायली. ह्याला म्हणतेत सी. आता तू इचारलंस म्हणून मी मान वळवून तिच्याकडं नजर टाकली. हे झालं लुक. आन् ती रस्त्याच्या मधी बसती का उठून जाती म्हणून चहा गार होस्तोवर मी तिच्याकडंच बघत ऱ्हायलो, तर ते वॉच."

"मंग कट सांगू का फुल?"

"सांगू म्हंजे इथं टेल न्हाई बरं का…"

तोवर कट भरून झालेला असतो. म्हैसही उठून गेलेली असते.

सरांच्या बाबतीत अवघड गोष्ट एवढीच, की ते सांगतात ते बरोबर असतं. चुकीचं सांगणाऱ्याला टाळता येतं, बरोबर सांगणाऱ्याला नुसतं सोसावं लागतं. डोळ्यांना आपोआप मिळतं ते सी, डोळे आपण धाडतो तेव्हा लुक, आणि हलत्या, बदलत्या गोष्टीवर डोळे रोवून बसणं म्हणजे वॉच. कानाचंही तेच. ऐकू येतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन. ग्रामसभेत लाउडस्पीकर सगळ्या गावाला हिअर होतो, लिसन करायला तलाठीसुद्धा थांबत नाही, हे सरांचंच उदाहरण. पण वर्गातली पोरं सरांच्याच तालमीत तयार झालेली. एकानं विचारलं, "सर, पिच्चरला काय लावायचं?" सर म्हणाले, थेटरात जाऊन बघितला तर सी, घरी टीव्हीवर बघितला तर वॉच. पोरगं विचारात पडलं. "म्हंजे तिकीट काढलं तर सी आन् फुकट बघितला तर वॉच?" सरांनी हॉर्नबी उघडला, मिटला आणि म्हणाले, "असंच लक्षात ठेव."

हॉर्नबी म्हणजे सरांच्या टेबलावरच्या तीन ग्रंथांपैकी तिसरा. पहिला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, आजोळहून आलेली, पानं पिवळी पडलेली. दुसरा रेन अँड मार्टिन, त्याचा पुठ्ठा दोनदा बदललाय. तिसरा ऑक्सफर्डचा शब्दकोश, आणि दसऱ्याला हळद-कुंकू फक्त ह्यालाच. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज 1920च्या दशकात जपानात इंग्रजी शिकवायला गेला आणि तिथंच वर्षानुवर्षं राहिला. ज्यांची ती मायबोली नाही अशा लोकांना नेमकं कुठं अडतं, हे त्यानं तिथं जवळून पाहिलं. त्यातून सहकाऱ्यांबरोबर त्यानं जो कोश केला तो 1942 साली टोकियोत छापला गेला. तेव्हा जपान आणि इंग्लंड एकमेकांशी लढत होते. युद्ध संपल्यावर 1948 साली ऑक्सफर्डनं तोच कोश आपल्या नावानं काढला. सर ही हकिकत सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. "'टेल मी' चालतंय आन् 'एक्स्प्लेन मी' का चालत न्हाई, हा प्रश्न लंडनच्या माणसाला जन्मात पडत न्हाई. तो जपान्याला पडतो आन् केजकराला पडतो." टेल पुढ्यातल्या माणसाला थेट धरतं. से आणि एक्स्प्लेन यांना माणसापर्यंत पोचायला मध्ये 'टू' लागतो. हॉर्नबीनं क्रियापदांच्या अशा खोडी एकेक करून लिहून ठेवल्या. सर त्याला 'हॉर्नबी साहेब' म्हणतात, आणि हा माणूस कधी ना कधी केजच्या स्टँडवर उतरला असणार असा त्यांचा चेहरा होतो.

सरांच्या आजोबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. केज तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीचा कागद उर्दूत, आणि 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचंच. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान गेलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. तोवर पुण्या-मुंबईत इंग्रजी शिकलेल्यांची नातवंडं इंग्रजीत भांडायला लागली होती. "पुणं इंग्रजी शिकलं इंग्रजाकडून," सर म्हणतात, "आपण शिकलो रेन आन् मार्टिनकडून." मग जरा थांबून, बारीक आवाजात : "म्हणून आपली शुद्ध."

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा आता ह्यांचा क्लास बसणार असं लोकांना वाटलं होतं. झालं उलटं. आधी पाचवीपासून इंग्रजी असायचं, तेव्हा आपल्याला ते येत नाही हे पोराला दहावीत कळायचं. आता चौथीतच कळतं. गिऱ्हाईक सहा वर्षं आधी जिना चढायला लागलं.

बोलीबद्दल सरांचा एक सिद्धांत आहे. मराठवाड्याच्या माणसाला चालू वर्तमानकाळ शिकवावा लागत नाही, तो त्याच्या तोंडातच आहे. मी जायलो, ती करायली, पाऊस यायलाय. "पुण्याचा माणूस 'जातो' म्हणला की तो रोज जातो का आत्ता उठला, हे त्याच्या चपला बघून ठरवावं लागतं. आपल्याकडं जातो ते सिंपल, जायलो ते कंटिन्युअस." पुण्यात 'जातोय' म्हणतात हे मी त्यांना सांगितलं नाही, सिद्धांत चांगला रंगात आला होता. तसाही तो घरच्याच पोरांनी मोडला. कारण आमच्याकडं जायलो तसं 'समजायलंय', 'आवडायलंय', 'मला माहीत असायलंय' इथपर्यंत गाडी जाते, आणि पोरं वहीत लिहितात : आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. सरांनी फळ्यावर एक चौकट आखली आणि तिच्यात नो, बिलीव्ह, ओन, लव अशी क्रियापदं कोंडली. ही कामं नव्हेत, ह्या अवस्था. अवस्थेला शेपूट लावायचं नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, प्रेम तर चालू असतंय की." दुसऱ्यानं दुजोरा दिला : पुण्याला गेला होता तेव्हा बर्गरच्या दुकानावर त्यानं 'लव'ला शेपूट लावलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. सर म्हणाले, ती जाहिरात आहे. जाहिरात जगभर बर्गर विकते, तिला व्याकरण माफ. तू बोर्डाचा पेपर लिहिणार आहेस, तुझे मार्क जातील.

वर्गाबाहेर मात्र सरांच्या विद्येला विचारणारं फारसं कुणी नाही. पोलिसात, तहसिलीत, बाजार समितीत सगळा कारभार मराठीतून, आणि तिथली क्रियापदं हॉर्नबीच्या बापाला आवरली नसती. साधं 'बघणं' घ्या. साहेब 'बघू' म्हणाले की काम होणार नाही. 'बघतो' म्हणाले की उद्या या. 'बघून घेतो' म्हणाले की उद्याही येऊ नका. 'बघूच आता' म्हणाले की वकील गाठा. सरांना हे सगळं आयुष्यभर समजत आलंय, पण ह्याला ते फरक म्हणत नाहीत. ह्याला ते 'आपलं नेहमीचं' म्हणतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याला हिंजवडीत कंपनीत लागला. एकदा रात्री त्याचा फोन आला : पगारवाढीच्या अर्जावर वरच्याचं उत्तर आलंय, 'वुई विल लुक इन्टू इट.' ह्याचा अर्थ काय धरायचा? सरांनी लुक ॲट, लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इन्टू असे चार फरक लावून सांगितले. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आपलं 'बघू'च ना सर?" सर म्हणाले, "अर्जाची झेरॉक्स ठेव."

निवडणुकीतही तेच. 'फॉल' आणि 'फेल' शिकवताना सर सांगतात की झाड आपणहून पडलं तर फॉल, कुणी पाडलं तर फेल, आणि गोंधळ नको म्हणून इंग्रजांनी 'फॉल'चा भूतकाळही 'फेल'च ठेवलाय. पोरांना हे चटकन समजतं. आमच्या जिल्ह्यात उमेदवार पडत नसतो, त्याला पाडलेलं असतं. कुणी पाडलं हे गावाला मतमोजणीच्या आदल्या रात्रीच ठाऊक असतं.

दसरा झाला की क्लास निम्मा रिकामा होतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर तोडायचं. काही पोरं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. अशाच एका पोरानं निबंध लिहिला, 'माय फादर'. पहिलंच वाक्य : 'माय फादर लिफ्टेड वन लाख फ्रॉम मुकादम.'

सरांचा लाल पेन खाली आला. "अरे, लिफ्ट म्हंजे उचलणं, कबूल. पण इंग्रजीत पैसे लिफ्ट केले म्हंजे चोरले. तुझ्या बापाला जेलात घालतोस का?"

"मंग काय लिहू? बॉरो?"

"बॉरो म्हंजे उसनं घेणं. घेतलेली वस्तू परत द्यायची असती."

"पैसे परत न्हाई द्यायचे सर. ऊस तोडायचा असतो."

सर जरा अडले. लोन नव्हे, कारण बँक नाही. अर्न नव्हे, कारण काम अजून व्हायचंय. शेवटी म्हणाले, "टुक ॲन ॲडव्हान्स." पोरानं लिहून घेतलं. पुढचं वाक्य 'ही ब्रेक्स शुगरकेन' असं होतं. सर म्हणाले, ब्रेक म्हंजे मोडणं; तू म्हण 'कट'. पोरगं हसलं. "कापायचं तर सोयाबीन, सर. ऊस तोडतेत." आणि मग वर्गच बोलायला लागला, निम्मा होता तरी. कापूस वेचतेत. भुईमूग उपटतेत. ज्वारी काढतेत. आंबा उतरवतेत. चिंचा झोडपतेत. भेंडी खुडतेत. एकेक पोरगं उठून आपापल्या शेतातलं क्रियापद फळ्याकडं फेकत होतं आणि सर ते लिहून घेत होते, हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं. फळा भरला. कुणीतरी विचारलं, "सर, ह्या समद्याला इंग्रजीत काय?"

"हार्वेस्ट," सर म्हणाले. "सगळ्याला चालतं."

"सगळ्याला एकच?"

सरांनी पिक, प्लक, डिग अप असे दोन-चार मदतीला बोलावून पाहिले, पण पोरांना त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा इंग्रजीची दया आली होती, ती काही उतरेना. सरांनी फळा पुसला नाही. निबंध तपासून दिला तेव्हा 'लिफ्टेड'वर लाल रेघ नव्हती. विचारलं तर म्हणाले, राहून गेलं असेल. सरांच्या हातून रेघ राहून जात नाही.

घरी त्यांची गाठ ह्याहून तयारीच्या माणसाशी पडते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. घर त्यांच्या पगारावर चालतं. सरांच्या भाषेत सांगायचं तर सर घर 'मेंटेन' करतात आणि बाई ते 'रन' करतात. गणिताची बाई असल्यामुळे त्या वाद घालत नाहीत, रीत मांडतात. एकदा कुठल्याशा लग्नाला निघताना सर 'पुट ऑन' आणि 'वेअर' मधला फरक सांगत होते. कपडा अंगात चढवण्याची क्रिया ती पुट ऑन, चढवून झाल्यावर मिरवणं ते वेअर. बाई आरशासमोरून म्हणाल्या, "अहो, साडीला काय लावता?"

"वेअर."

"झंपरला?"

"वेअर."

"बांगड्यांना? फेट्याला? चष्म्याला? गजऱ्याला? अत्तराला?"

"वेअर, वेअर… सगळ्याला वेअर. दाढीलासुद्धा वेअर म्हणतात," सर म्हणाले. आपण जिंकतोय असंच त्यांना वाटत होतं.

"आम्ही साडी नेसतो, झंपर घालतो, बांगड्या भरतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, गजरा माळतो. तुमच्या इंग्रजाला माणूस उघडा न्हाई एवढंच कळतंय, होय?"

सर लग्नात कुणाशी बोलले नाहीत. पाण्याचं पिंप जवळच होतं, तरी.

संकष्टीला तर कहरच झाला. सकाळच्या न्याहारीला ब्रेकफास्ट का म्हणतात, ह्यावर सरांचं एक छोटं व्याख्यान आहे : रात्रभराचा फास्ट, तो सकाळी ब्रेक. बाईंचा त्या दिवशी उपास होता. संध्याकाळची वेळ, चंद्राची वाट बघणं चालू. त्यांनी शांतपणे विचारलं, "चंद्र बघून मी उपास सोडला तर इंग्रजीत काय?"

"ब्रेक."

"आन् तुम्ही दुपारी माझ्यासमोर शेवेचा पुडा फोडला, आन् मी त्यातली चिमूटभर खाऊन उपास मोडला, तर?"

सर गप्प.

"तेबी ब्रेकच ना? मग पुण्य लागलं का पाप, हे इंग्रजाच्या देवाला कळायचं कसं?"

त्या रात्री माडीवरचा दिवा उशिरापर्यंत जळत होता. हॉर्नबी साहेबांकडे उत्तर नसावं, कारण दुसऱ्या दिवशी दहावीच्या बॅचला सरांनी विनाकारण रॉब आणि स्टीलवर घेतलं. शेळी स्टील होते, शेळीचा मालक रॉब होतो. चोरलेल्या वस्तूला एक, लुटलेल्या माणसाला दुसरं. शिकवताना त्यांचा चेहरा मालकाचा होता.

बाईंचं माहेर विडा. इथं केज तालुक्याबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. विडा हे आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि तिथं कित्येक पिढ्यांपासून धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. गळ्यात चपलांचा हार, अंगावर रंग, पुढं वाजंत्री. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी पोचली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी. मान आणि अपमान इतके लागून कुठं वाढत नसतील. कुणाचा नंबर लागणार ह्याची चर्चा आधीपासून चालू असते. होळी जवळ आली की जावई लोक पांगतात आणि विड्याची पोरं त्यांच्या मागावर राहतात. सर दर वर्षी त्या सुमारास जादा तास लावत. गणिताला पास झालेल्या पोरांनाही ते इंग्रजीच्या जादा तासाला बसवत.

एका वर्षी मेहुण्याच्या घरी काही कार्य निघालं आणि सरांना जावं लागलं. धुळवडीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. मग मेहुण्यानं सहज चहा देताना "दाजी, उद्या सकाळी लौकर उठा" म्हटलं, आणि सरांना कळायचं ते कळलं. रात्री जेवणाला पानावर ते नव्हते.

विड्याच्या पोरांनी गोठा बघितला, कडब्याची गंजी हलवून बघितली, कणगीत कंदील घालून बघितलं. शोधणं म्हणजे सर्च, लुक फॉर आणि फाइंड ह्यांतलं नेमकं कोणतं, हे सांगणारा माणूसच सापडत नव्हता. फाइंड हे फळ आहे, बाकीची नुसती खटपट, असं सर वर्गात सांगतात. पहाटेपर्यंत खटपट झाली.

शेवटी मेहुणा वाड्याच्या अंगणात उभा राहिला. तो सरांच्या क्लासला दोन वर्षं बसलेला, नात्यातला म्हणून फी माफ. मोठ्यानं म्हणाला, "अरे, मला एक डाउट हाय. हाइड आन् कन्सील, ह्यात फरक काय?"

सगळीकडे शांत. दूर कुठंतरी हलगी कडक करायला जाळावर धरली होती, तिचा एखादा ठोका.

पोरांतला एक म्हणाला, "मला माहीत न्हाई बुवा."

मेहुण्यानं दम घेतला आणि वर माळवदाकडं तोंड करून म्हणाला, "जाऊ दे रे. दोन्ही एकच."

अंगणात कुणी हललं नाही. मग माळवदावरच्या शेंगांच्या पोत्यामागून आवाज आला, "एकच कसं?"

शिडी लावून त्यांना खाली घेतलं तेव्हाही सांगणं चालूच होतं. हाइडला कर्म लागलंच पाहिजे असं नाही. 'आय हिड' म्हटलं, मी लपलो, वाक्य पुरं झालं. कन्सीलला मात्र कर्म पाहिजेच. 'आय कन्सील्ड' एवढंच म्हटलं की इंग्रज विचारणार, काय लपवलंस? "तुम्ही स्वतःलाच की, दाजी," पोरं म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात हार घातला. सरांनी हाराकडे बघितलं. वेअर का पुट ऑन, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला असावा, पण समोर बाई उभ्या होत्या.

गाढवावर बसल्यावर सरांना नवा मुद्दा सापडला. हे 'राइड' म्हणता येईल का? राइडमध्ये लगाम आपल्या हातात पाहिजे. ड्राइव्ह तर नव्हेच, ते गाडीला. इथं लगाम पोरांच्या हातात आणि मर्जी गाढवाची. तेव्हा कर्मणी प्रयोग : 'आय ॲम बीइंग कॅरीड.' हे त्यांनी वाजंत्रीवाल्याच्या कानात ओरडून सांगितलं आणि त्यानं मान हलवून ठेका बदलला. रंगानं सर ओळखू येत नव्हते, पण ओळख पटायला तोंडाची गरज नव्हती. पोरं दोन्ही बाजूंनी डाउट विचारत होती, मुद्दाम, एकामागून एक, आणि सर एकेकाला उत्तर देत होते. त्यांच्या क्लासला एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

मारुतीच्या देवळाच्या थोडं अलीकडे गाढव अडलं. पाय रोवले, मान खाली घातली, हलेना. मालकानं पाठीवर थाप मारली, पोरांनी मागून रेटलं, वाजंत्री थांबली. सर मात्र एकदम ताठ झाले. घोडं किंवा गाढव असं चालता चालता अडून उभं राहिलं की त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे : बॉक. नुसतं स्टॉप नव्हे, हॉल्ट नव्हे, बॉक. इतकी वर्षं शिकवतायत, पण हे क्रियापद शिकवायची वेळ कधी आली नव्हती, कारण माडीवरच्या वर्गात गाढव आणता येत नाही. त्यांनी खिशात हात घातला. शर्ट रंगानं निथळत होता, खडू गुलाबी झाला होता, पण होता. हलगीवाल्याला त्यांनी जवळ बोलावलं, हलगी आडवी धरायला लावली आणि वाकून तिच्या कातड्यावर लिहायला घेतलं.

"दाजी, नीट धरून बसा," गाढवाचा मालक म्हणाला. "ते हलायलंय."

"हलायलंय म्हंजे मूव्ह का शेक?" सरांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत गाढव देवळाच्या दिशेनं सुटलं.